दाराच्या पोटात

आवाज ‘धाड’ असा आला असता तर मी एवढा दचकलो नसतो. आला तो ‘खप्प’ असा; पिकल्या पपईत सुरी जाते तसा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं ठरलं. दोन हमाल आले. मी मागून “जरा डावीकडे, अजून जरा डावीकडे” करत होतो, आणि माझ्याच सूचनेबरहुकूम कपाटाचा कोपरा बेडरूमच्या दारात शिरला. कपाट मागे घेतलं तर दाराला तळहाताएवढं भगदाड. कडेचे पापुद्रे आत वळलेले, आणि पलीकडे नुसता अंधार. दोघांतल्या वयस्कर हमालाने आत दोन बोटं घातली. ती कुठेच टेकली नाहीत. बोटं बाहेर काढून पँटला पुसत तो म्हणाला, “साहेब, दार खोटं आहे.”

एकोणीस वर्षं त्या दाराला कडी लावून मी झोपत आलो होतो. वर दोन, खाली दोन असे उठावाचे चौकोन, त्यावर लाकडाच्या रेषा, वरून पांढरा ऑइल पेंट. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचं वर्णन ‘आकर्षक पॅनेल दरवाजे’ असं होतं, आणि आम्ही ते लाकडाचंच धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. आमचे मिस्त्री राजस्थानातले, पण पुण्यात पंचवीस वर्षं काढल्याने मराठी आमच्या सोसायटीच्या चेअरमनपेक्षा बरं बोलतात. त्यांनी दाराकडे लांबूनच पाहिलं. “नवीन टाका सर. दार, फिटिंग, रंग धरून साडेसहा हजार.”

“आणि हेच दुरुस्त केलं तर?”

“पोकळ दाराला दुरुस्त काय करायचं? माल भरला तर धरायला आत काही पाहिजे ना.”

पुढचा महिनाभर मी जे काही केलं ते या एका वाक्याला उत्तर शोधण्यासाठी. बायकोच्या मते ते साडेसहा हजार वाचवण्यासाठी. दोन्ही खरं आहे.

त्या रात्री मोबाइलचा टॉर्च लावून मी भगदाडात डोकावलो. आत तपकिरी कागदाचं पोळं होतं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखेच खण, फक्त एकेक दीड-दोन बोटं रुंद. वाढदिवसाला घडीची कागदी घंटा उघडून टांगतात ना, तिची जाळी डोळ्यांपुढे आणा. कपाटाच्या कोपऱ्याने त्यातले पाच-सहा खण चेपले होते. कुलपाच्या उंचीवर लाकडाचा एक ठोकळा दिसत होता, आणि त्यावर कोणा कामगाराने शिसपेन्सिलीने फुली मारून ‘७८ × ३०’ असं मापही लिहून ठेवलं होतं. एकोणीस वर्षांनी ते वाचणारा पहिला माणूस मी. वास जुन्या वह्यांसारखा.

पोकळ या शब्दाबद्दल आपल्याकडे एक जुनी अढी आहे. बडा घर पोकळ वासा. पोकळ डौल, पोकळ धमकी, पोकळ आश्वासन. चांगल्या अर्थाने पोकळ काही नाहीच. पण ही म्हण करणाऱ्याने कोकणातल्या घरांचे वासे नीट पाहिले नसावेत. कितीतरी छपरांना कळकाचे वासे असतात. कळक जन्मतःच पोकळ, आणि तेच वासे नळ्यांचा भार आणि आषाढातला वारा झेलतात. जे वाकण्याला तोंड देतं त्याला मध्ये भरीव असण्याची फारशी गरज नसते. दार वाकू लागलं की एका बाजूची कातडी ताणली जाते, दुसरीकडची दाबली जाते. मधल्या गराचं मुख्य काम काय, तर या दोघींना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणं. ते कागदही करू शकतो. खोक्याच्या पुठ्ठ्यात नागमोडी कागद तेच करतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी दे हॅविलंड मॉस्किटो नावाचं विमान केलं होतं, त्याची काया बर्चच्या प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं बाल्साचं लाकूड भरून बनवलेली. १९४० मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि त्या काळच्या सर्वांत वेगवान विमानांत गणलं गेलं. माझ्या बेडरूमचं दार त्याच घराण्यातलं, फक्त गरीब शाखेचं.

दार उतरवल्यावर त्याचं वजनही केलं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग दाराला मिठी मारून. फरक चौदा किलो. याच मापाचं भरीव फ्लश दार तीस-पस्तीस किलोंच्या घरात जातं.

दाराची कातडी ही वेगळीच चीज आहे. ते प्लायवूड नाही, लाकडाच्या तंतूंचा दाबलेला पत्रा आहे, जेमतेम तीन मिलिमीटर जाड. त्याचा पूर्वज अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात लॉरेल नावाच्या गावी १९२४ मध्ये जन्मला. विल्यम मेसन हा एडिसनच्या हाताखाली काम केलेला माणूस. गावातल्या लाकूड गिरण्यांत ढिपल्यांचे ढीग वाया जाताना तो पाहत होता. त्याने ढिपल्या जाड पात्रात घालून प्रचंड दाबाची वाफ कोंडली आणि एकदम सोडली. लाह्या फुटाव्यात तशा त्या फुटून त्यांचा कापूस झाला. असं सांगतात की तो लगदा दाबयंत्रात ठेवून मेसन जेवायला गेला, वाफेची झडप गळत राहिली, आणि परतल्यावर त्याला हवा होता तसा मऊ तक्ता न मिळता दगडासारखा कडक पत्रा मिळाला. लाकडातच लिग्निन नावाचं नैसर्गिक चिकट द्रव्य असतं. उष्णतेने आणि दाबाने त्यानेच तंतू जखडले, वेगळा गोंद लागला नाही. मेसनाइट ते हेच. पुढे अशा पत्र्यांवर साच्यातून चौकोन आणि रेषा उठवायला लागले, आणि सुताराच्या चार दिवसांच्या कामाचा मुखवटा एका ठोक्यात तयार होऊ लागला.

आपल्याकडे तो आला त्याला कारणं होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ पासून आपल्या इमारतींत लाकूड वापरणंच बंद केलं. ती बंदी उठली थेट २०२० मध्ये. मधल्या काळात, १२ डिसेंबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला आणि केंद्राच्या मंजुरीविना जंगलात चाललेली कामं, आरा गिरण्यांसकट, थांबवायला सांगितली. सागवान आधीच सोन्याच्या पंक्तीला जाऊन बसलं होतं. पुण्यामुंबईच्या कडेने फ्लॅटचे डोंगर उभे राहत होते आणि प्रत्येक फ्लॅटला सहा-सात दारं हवी होती. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आपण मुलांना दाखवतो, हत्तीने धडक मारू नये म्हणून बसवलेले त्याचे खिळे मोजायला लावतो. त्याच शहरात मुठीने भोक पडेल अशा दारांची पिढी आली, आणि ती आल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती बाहेरून वाड्याच्या दारांसारखीच दिसत होती.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका दुकानात मी अर्धी दुपार काढली. दारं विकणाऱ्यांकडे नमुन्याचे कापलेले कोपरे असतात, केकच्या तुकड्यासारखे, आतलं दाखवणारे. दुकानदाराने पाच-सहा माझ्यापुढे मांडले. एकात पाइनच्या पट्ट्या खेटून बसवलेल्या, म्हणजे भरीव. एकात लाकडी पट्ट्यांचीच जाळी, मध्ये रिकामे खण. एकात माझ्या ओळखीचं कागदी पोळं. भारतीय मानकांतही ही दोन कुळं वेगळी आहेत: भरीव फ्लश दारांना आयएस २२०२, जाळीदार आणि पोकळ दारांना आयएस २१९१. दारांच्या चाचण्याही ठरलेल्या आहेत. दार आपटून बघतात, थरांत सुरी खुपसून ते सुटतात का बघतात, खालचं टोक पाण्यात बुडवतात, वाळवतात, पुन्हा बुडवतात. ही शेवटची चाचणी मला भलतीच आवडली. आपल्या बाथरूमची दारं ती रोज देत असतात.

“गिऱ्हाईक काय बघतं?” मी विचारलं.

“टकटक करतं,” असं म्हणून दुकानदाराने उभ्या दारावर बोटाचं पेर आपटत नेलं. बद्द, बद्द, मग ढब, ढब, मग पुन्हा बद्द. “कडेला लाकूड, मधे हवा. कलिंगड घेताना करतात तेच. पण दार आडवं करून खालची कड कोणी बघत नाही. सगळा खेळ तिथं असतो.”

या टकटकीचा एक धागा वैद्यकापर्यंत जातो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावचा लिओपोल्ड आउएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा. पिंप वाजवून त्यात दारू कुठपर्यंत आहे हे ओळखायची युक्ती घरच्या धंद्यात होती. डॉक्टर झाल्यावर त्याने रोग्याची छाती तशीच वाजवून पाहिली आणि १७६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपले डॉक्टर पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने वाजवतात ते तिथून आलं. घरी येऊन मी माझं दार तसंच तपासलं आणि खडूने नकाशा काढला: दोन्ही उभ्या कडांना जेमतेम सव्वा-सव्वा इंच लाकूड, वर-खाली तेवढीच आडवी पट्टी, कुलपाशी ठोकळा. बाकी हवा.

दाराच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा त्या नकाशातच झाला. दारामागे खुंटी बसवली आणि आठ दिवसांत ओल्या टॉवेलसकट खाली आली, हे प्रत्येक घरात घडलेलं असतं. दोष खुंटीचा नसतो. तिचा स्क्रू तीन मिलिमीटरच्या पापडात धरायला काही शोधत असतो. खुंटी वरच्या आडव्या पट्टीत लावा, वर्षानुवर्षं हलणार नाही. बिजागरीचे स्क्रू सैल झाले तर काड्यापेटीतल्या दोन-तीन काड्यांची डोकी मोडून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून छिद्रात ठोकायच्या, वाळल्यावर स्क्रू फिरवायचा. ही युक्ती आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. फक्त त्यांच्याकडे सरस होता, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, चुलीवर गरम करावा लागणारा, घरभर वास सोडणारा. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला आणि सुताराची ती चूल विझली.

आता भगदाडाकडे. मिस्त्रींचा प्रश्न होता, माल कशाला धरणार? तर धरायला काहीतरी आतून द्यायचं. मी कटरने पापुद्रे छाटले, कड आतल्या बाजूला किंचित तिरकी केली, हात घालून आजूबाजूचं पोळं चेपून जागा केली. मग चार मिलिमीटर प्लायची पट्टी कापली. रुंदीला भगदाडातून जाईल एवढी, लांबीला त्याच्यापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्त. मधोमध दोन छिद्रं पाडून त्यांतून सुतळी ओवली, शर्टाच्या बटणात दोरा असतो तशी. पट्टीच्या दोन्ही टोकांना फेव्हिकॉल लावायचा, ती तिरकी करून आत सारायची, आणि आत गेली की सुतळीने आपल्याकडे ओढायची. टोकं कातडीच्या आतल्या अंगाला जाऊन टेकतात. बाहेर सुतळीच्या दोन पदरांत पेन्सिल अडकवून ती भगदाडावर आडवी ठेवायची आणि पीळ देत जायचं. प्रत्येक पिळागणिक पट्टी घट्ट होत जाते. पीळ उलटू नये म्हणून पेन्सिल चिकटपट्टीने दाराला चिकटवून टाकायची.

हे लिहायला सोपं आहे. माझी पहिली पट्टी गाठ सुटून आत पडली. ती अजून तिथेच आहे, पोळ्यात कुठेतरी अडकून. दार जोरात लावलं तर कधी कधी ‘टक्’ करते. दुसरी बसली, तिच्या शेजारी तिसरी. रात्रभर दोन पेन्सिली दारावर आडव्या लटकत होत्या. सकाळी दूधवाल्याने उघड्या दारातून त्या पाहिल्या आणि काही न विचारता दूध ठेवून गेला.

सुतळ्या कापल्या. आता भगदाडाला तळ होता.

भरायचं काय, यावर तीन मतं मिळाली. मिस्त्रींचं मत भुसा आणि फेव्हिकॉल. रंगाऱ्याचं मत लांबी, म्हणजे हल्ली सगळे जिला पुट्टी म्हणतात ती. एके काळी ती खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून घरीच करायचे. आता पिशवीत मिळते ती भिंतीची, सिमेंटची. हे दोन्ही माल वाळताना पाणी सोडतात आणि आक्रसतात. खिळ्याच्या छिद्राला ठीक, पण तळहाताएवढ्या खड्ड्यात कडेने भेग पडणार, आणि दार दिवसातून चाळीस वेळा आपटतं. तिसरं मत मिळालं सातारा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये. तिथे डेंटिंग-पेंटिंग करणारे एक चाचा आहेत. गाडीच्या पत्र्याला पोचा पडला की ते ज्या पॉलिएस्टर पुट्टीने भरतात ती वाळत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे आक्रसत नाही म्हटलं तरी चालेल. “लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढं हार्डनर,” चाचा म्हणाले. “जास्त घालू नका. आणि पाच मिनिटांत हात चालला पाहिजे, नाहीतर दगड.”

मी वाटाण्याऐवजी चांगला हरभऱ्याचा घाटा घातला असावा. पहिला गोळा वाटीतच दगड झाला. वाटी स्टीलची, लग्नात आलेल्या सेटमधली. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला फुटक्या फरशीच्या तुकड्यावर कालवलं, रंग एकसारखा होईतो घोटलं, आणि जुन्या एटीएम कार्डाने दाबून भरलं. खिडक्या उघड्या ठेवा. वास डोक्यात जातो. एकदम न भरता दोन थर दिले. दुसरा थर कातडीच्या किंचित वर. अर्ध्या तासाने ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासलं, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या दाबाचे खळगे उठतात, म्हणून ठोकळा. डोळ्याला कळत नाही ते हाताला कळतं: डोळे मिटून तळवा फिरवायचा, आणि कुठून भगदाड सुरू होतं ते सापडेनासं झालं की थांबायचं.

रंगात मात्र मी फसलो. डब्यावर लिहिलेला पांढरा आणि दाराचा पांढरा यांत एकोणीस वर्षांचं अंतर होतं. ऑइल पेंट पिवळा पडतो, आणि अंधारात जास्तच. माझं दार बहुतेक वेळ भिंतीला टेकून उघडं असतं. प्रायमरवर रंगाचा पहिला हात दिला तर दाराला बँडेज बांधल्यासारखं दिसू लागलं. शेवटी अख्खं दार रंगवलं, ब्रशऐवजी छोट्या रोलरने. एकूण खर्च सातशे चाळीस रुपये आणि चार संध्याकाळी. वाटी वेगळी.

मधल्या एका संध्याकाळी एडिसनहून पुतणीचा फोन आला. एडिसन म्हणजे न्यू जर्सीतलं. आपल्याकडच्या मंडळींनी भरलेलं ते गाव त्याच विजेच्या दिव्यावाल्याच्या नावाचं, ज्याच्या हाताखाली मेसन होता. तिच्या भाड्याच्या घरातली आतली सगळी दारं अशीच, आणि लेकाने सायकल थेट एका दारात घातलेली. “काका, घर सोडताना डिपॉझिटमधून कापतील,” ती म्हणाली. त्या राज्यात डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, पण तिथलं दीड महिन्याचं भाडं म्हणजे इथली एके काळची नॅनो. मी तिला पट्टी आणि सुतळी समजावत होतो, तोवर तिच्या नवऱ्याने फवाऱ्याचा फोम आणून अख्खा डबा भगदाडात रिकामाही केला होता. हा फोम हवेतल्या ओलाव्याने फुगतो, आणि फुगण्याचा अंदाज डब्यावरच्या चित्रावरून येत नाही. सकाळी तिने व्हिडिओ पाठवला: भगदाडातून फेस बाहेर येऊन गोठलेला, आणि शेजारची कातडी पुरीसारखी टम्म. थोडा थोडा, दोन-तीन खेपांत सोडला असता तर तोही चालला असता. दार नवीन घ्यावं लागलं. तिथे निदान ते दुकानातून गाडीच्या टपावर बांधून आणता येतं.

भगदाड दिसतं तरी. दारांचा खरा काळ खालून येतो, आणि तो मला कोथरूडला मावशीच्या घरी भेटला. तिची सोसायटी ऐंशीच्या दशकातली. बाथरूमचं फ्लश दार खालून फुलून चौकटीत अडकत होतं. ती पाय लावून ढकलायची. खाली वीतभर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला, दहा वर्षांपूर्वी, ‘पाणी लागू नये म्हणून’. पत्र्याचे खिळे उपटले तशी मागून काळपट पाण्याची धार आली. पाणी वरच्या फटीतून आणि खिळ्यांच्या छिद्रांतून आत जात होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. पत्र्याने दाराला ओलं दुपटं बांधून ठेवलं होतं. प्लायचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटलेले.

मग मला टिंबर मार्केट आठवलं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून मी तो दाराखालून सरकवला. पडद्यावर दाराची खालची कड दिसली: कोरी. रंगाचा एक ठिपका नाही. घरी येऊन माझी सगळी दारं तपासली, शेजाऱ्यांची दोन तपासली. सगळी खालून कोरी, वरूनही. रंगारी दार चौकटीत टांगलेलं असताना रंगवतो, ब्रश जिथे पोचतो तिथे रंग लागतो, आणि गिऱ्हाईक जिथे बघतं तिथे ब्रश पोचतो. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकाने, आणि तीच टोकं उघडी. त्यात आतला गोंद स्वस्तातला युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असला की ओल-वाळ ओल-वाळ सोसत तो सोडून देतो. मरीन म्हणून जे प्लायवूड मिळतं त्याच्या मानकात, आयएस ७१० मध्ये, बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकण्याची अट आहे. त्याचा गोंद फिनॉलचा असतो. बाथरूमच्या दाराला एवढं सोन्याचं काम कोण करणार? पण बुडाला दोन हात रंग देणं फुकटात होतं.

दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं घातलं आणि पंख्याखाली चार दिवस वाळवलं. घाई केली तर गोंद आतल्या ओलीवरच बसतो. मग औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सिरिंज आणली. दुकानदाराने माझ्याकडे आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मी म्हटलं, दाराला इंजेक्शन द्यायचंय. जलरोधक फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून तो सिरिंजने थरांच्या मध्ये, जितका आत जाईल तितका आत सोडला. वर-खाली फळ्या ठेवून शिकंजे आवळले. शिकंजे दोनच होते, म्हणून मध्ये मावशीचा पाटा ठेवला. मिक्सर आल्यापासून तो गॅलरीत कुंडीखाली होता. “शेवटी कामाला आला,” मावशी म्हणाली. मग बराच वेळ ती दाराकडे बघत होती. “तुझे काका दर मे महिन्यात दारं उतरवून बुडाला तेल पाजायचे. मी म्हणायचे, यांना उद्योग नाही.”

दाराला पाऊण इंच आडवी पट्टी खाली शाबूत होती म्हणून हे जमलं. ती पट्टीच कुजली असेल, किंवा टकटक केल्यावर आतून कोरड्या कागदासारखा आवाज येऊन मातीची रेघ दिसली, म्हणजे वाळवी असेल, तर सिरिंज वगैरे सोडा, दार बदला. घराच्या मुख्य दाराला तर पोकळ दार नकोच. आणि आतल्या दारांकडूनही आडोशापेक्षा जास्त अपेक्षा करू नये. आमच्या घरातलं प्रत्येक भांडण आमच्या मुलीने अभ्यास करता करता शब्दशः ऐकलेलं आहे, हे तिने नुकतंच सांगितलं.

मावशीच्या दाराला रंधा मारायचा का, हा एक वाद झाला. तिच्या शेजारच्या काकांचा आग्रह होता की आत्ताच मारून टाका. मी नाही म्हटलं. आषाढात रंधा मारलेलं दार मार्गशीर्षात खडखडतं. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं आणि थंडीत पुन्हा आकसतं; कार्तिकात अडकलं तरच हात लावायचा. पोकळ दाराला तर छिलायला मुळात सव्वा इंच कड, त्यातली फार तर पाच-सहा मिलिमीटर घेता येते. त्यापुढे गेलात की पोळं उघडं पडतं. मावशीचं दार वाळल्यावर आपोआप बसलं. बुडाला प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, आणि फरशीपासून बोटभर अंतर. पत्रा पुन्हा ठोकला नाही.

मिस्त्री मध्यंतरी स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीसाठी आले होते. जाताना बेडरूमच्या दाराशी थबकले. उजेड खिडकीतून तिरका येत होता. तशा उजेडातच तो भाग किंचित दिसतो, एरवी नाही. त्यांनी नुसतं पाहिलं नाही. बोट वाकवून दार वाजवत गेले, ढब, ढब, ढब, आणि एका जागी बद्द. तिथे थांबून पुन्हा दोनदा वाजवलं, मग कातडीला कान लावला.

“आत काय घातलंत, सर?”

मी पट्टी सांगितली, सुतळी सांगितली, पेन्सिल सांगितली. त्यांनी दार जोरात लावून पाहिलं. आतून ‘टक्’ झालं.

“ही पहिली पट्टी ना?” ते म्हणाले, आणि मी मान डोलावल्यावर पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. मग विचारलं, गाडीची पुट्टी किती उरली आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन दारं आहेत.